परभाषेच्या अंगणात : विनोदकार व्हिक्टर बोर्गे

मनुष्य आपला मुलूख सोडून निघतो तेव्हा भांडीकुंडी, देव्हाऱ्यातील मूर्ती आणि चार आवडती पुस्तके एवढे सामान ट्रंकेत मावते. विनोद मात्र ट्रंकेत मावत नाही. दुसऱ्याचे दुःख भाषा न समजताही कळते. हसणे मात्र भाषेच्या उंबरठ्याशी अडते. परप्रांतात वर्षानुवर्षे राहून तेथील बोली सफाईने बोलू लागलेल्या माणसासही तेथल्या थट्टेचा नेमका रोख उशिराच उमगतो, हे आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांस निराळे सांगावयास नको. मग ज्याचा सारा चरितार्थ लोकांना हसविण्यावरच अवलंबून, त्याने ऐन तिशीत स्वदेशास मुकावे आणि परक्या भाषेच्या देशात पुन्हा श्रीगणेशा करावा, हे केवढे साहस! असे साहस करणे ज्यांना भाग पडले आणि ज्यांनी ते यशस्वी करून दाखविले, त्या व्हिक्टर बोर्गे यांचे जीवन या सुवर्णमहोत्सवी अंकाच्या वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

बोर्गे यांचा जन्म ३ जानेवारी १९०९ रोजी डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे एका यहुदी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव बोर्गे रोसेनबाउम. वडील बर्नहार्ड हे डेन्मार्कच्या शाही वाद्यवृंदात तंतुवाद्य वाजवीत; आई फ्रेडरिका पियानो वाजवीत असत. अशा घरात मुलाची बोटे अगदी लहानपणीच पियानोकडे वळली, यात नवल नाही. आठव्या वर्षी त्याने पहिला जाहीर कार्यक्रम केला आणि १९१८ साली, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षी, डेन्मार्कच्या शाही संगीत विद्यालयाची शिष्यवृत्ती मिळविली. पुढे फ्रेडरिक लॅमंड व एगॉन पेट्री यांच्यासारख्या नामांकित वादकांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. लॅमंड हे लिस्ट या थोर संगीतकाराचे शिष्य, तर पेट्री हे बुसोनी यांचे शिष्य. ही परंपरा सांगण्याचे कारण असे की, ज्यांनी पुढे जन्मभर पियानोची थट्टा केली त्यांची त्या वाद्यावरील हुकमत अस्सल व कसून कमावलेली होती. ज्याला सूर लावता येतो त्यानेच तो चुकवावा. इतरांनी चुकवला तर ती केवळ चूक ठरते.

१९२६ साली कोपनहेगनमध्ये त्यांची पहिली मोठी मैफल झाली. गंभीर वादक म्हणून नाव मिळविण्याचा रस्ता मोकळा होता. परंतु स्वभाव त्या रस्त्याने जाऊ देईना. वादनाच्या मध्येच चार शब्द बोलावेत, श्रोत्यांच्या चेहऱ्यावरची गंभीर घडी मोडावी, ही ओढ अनावर होती. १९३३ पासून ते विनोदी रंगमंचावर दिसू लागले. त्याच वर्षी एल्सी चिल्टन या अमेरिकन युवतीशी त्यांचा विवाह झाला. थोड्याच काळात स्कँडिनेव्हियातील लोकप्रिय विनोदकारांत त्यांची गणना होऊ लागली. याच सुमारास शेजारच्या जर्मनीत हिटलरचे राज्य सुरू झाले होते. बोर्गे यांनी त्या राजवटीची रंगमंचावरून उघड खिल्ली उडविण्यास प्रारंभ केला. विनोदकाराचा टोला हुकूमशहास तोफेइतकाच झोंबतो, आणि थट्टा करणारा यहुदी असेल तर त्याला क्षमा नसते. ही गोष्ट पूर्णपणे जाणूनच त्यांनी आपला हेका चालू ठेवला.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये घुसल्या. त्या वेळी बोर्गे कार्यक्रमानिमित्त स्वीडनमध्ये होते, म्हणूनच बचावले. स्वीडनमधून ते फिनलंडला पोहोचले आणि तेथील पेट्सामो बंदरातून निघालेल्या ‘अमेरिकन लीजन’ या जहाजावर त्यांना जागा मिळाली. नॉर्वेची युवराज्ञी मार्था आपल्या मुलांसह याच जहाजाने निघाली होती. २८ ऑगस्ट १९४० रोजी जहाज अमेरिकेच्या किनाऱ्यास लागले. बोर्गे यांच्या खिशात तेव्हा २० डॉलर होते, आणि त्यांतील ३ बंदरावरच शुल्कापायी गेले. मातृभूमी शत्रूच्या हाती पडली होती. व्यापलेल्या डेन्मार्कमध्ये एकदा खलाशाचा वेष घेऊन ते मरणासन्न आईस भेटून आले होते. दुसऱ्याच्या वेषात, चोरपावलांनी, स्वतःच्याच गावी जाऊन आईचा निरोप घेण्याची पाळी ज्या पुत्रावर आली, त्याच्या पुढील आयुष्यातील हास्याचे मोल आम्ही निराळे काय सांगावे?

अमेरिकेत उतरले तेव्हा इंग्रजी भाषा त्यांना जवळजवळ येत नव्हती. डेन्मार्कमध्ये घरोघरी ठाऊक असलेला हा माणूस न्यूयॉर्कमध्ये केवळ एक निर्वासित होता, आणि त्याचे विनोद ज्या भाषेत जन्मले ती तेथे कुणाला कळत नव्हती. त्यांनी तक्रार केली नाही. ते चित्रपटगृहात जाऊन बसू लागले. पडद्यावरील नटनटींचे बोलणे ऐकता ऐकता त्यांनी शब्द, हेल व लकबी कानांत साठविल्या. याच काळात नावही बदलले. रोसेनबाउम हे आडनाव मागे पडले. बोर्गे हे स्वतःचे पाळण्यातील नाव त्यांनी आडनाव म्हणून लावले आणि त्यापुढे व्हिक्टर हे नवे नाव जोडले. नव्या देशासाठी नाव बदलतानाही आईबापांनी ठेवलेले नाव त्यांनी सोडले नाही, ते फक्त पुढून मागे सरकविले!

१९४१ साली रुडी व्हॅली या गायकाच्या नभोवाणी कार्यक्रमातून त्यांना प्रथम संधी मिळाली. पाठोपाठ सुप्रसिद्ध गायक बिंग क्रॉस्बी यांनी त्यांना आपल्या ‘क्राफ्ट म्यूझिक हॉल’ या कार्यक्रमात घेतले. नभोवाणीवर चेहरा नाही, हावभाव नाहीत. आहे तो फक्त आवाज. आणि आवाजातच तर परकेपणा सर्वांत आधी उघडा पडतो! परंतु ज्याला इतर वैगुण्य समजतात ते बोर्गे यांनी भांडवल म्हणून वापरले. त्यांचे डॅनिश वळणाचे, सावकाश, किंचित अडखळल्यासारखे वाटणारे इंग्रजी श्रोत्यांच्या कानांत बसले. १९४६ साली एन.बी.सी. नभोवाणीवर त्यांच्या स्वतःच्या नावाचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९४८ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले.

त्यांच्या विनोदाचे दोन मासले येथे सांगितले पाहिजेत, कारण दोन्ही भाषेशीच निगडित आहेत. पहिला विरामचिन्हांचा. लिहिताना आपण स्वल्पविराम, पूर्णविराम, उद्गारचिन्ह देतो. मग बोलतानाच ती गाळण्याचे कारण काय, असा भोळा प्रश्न विचारून बोर्गे प्रत्येक चिन्हास तोंडाने एक चमत्कारिक ध्वनी देत आणि हाताने ते चिन्ह हवेत काढीत. मग एखादी प्रेमकथा गंभीर मुद्रेने वाचावयास घेत. नायक-नायिकेचे हळुवार संभाषण त्या फुर्रर, चट्ट, पक्क अशा आवाजांत पार बुडून जाई व प्रेक्षागृह हास्यात. हा विनोद कोणत्याही भाषेत नेला तरी अंगास लावून घेता येतो, हे त्याचे खरे मर्म होय.

दुसरा मासला वाढत्या भावांच्या भाषेचा. महागाईने सर्वच वस्तूंचे आकडे वाढतात, तर शब्दांत दडलेल्या आकड्यांनीच मागे का राहावे, असा त्यांचा सवाल असे. म्हणून इंग्रजी शब्दांत जेथे जेथे संख्येचा उच्चार ऐकू येई तेथे तेथे ते ती एकाने वाढवीत; ‘वंडरफुल’चे ‘टूडरफुल’ होई. मराठीत हाच खेळ मांडावयाचा तर ‘आठवण’ची ‘नववण’ होईल, ‘सातत्या’चे ‘आठत्य’ होईल, आणि घरोघरच्या ‘नवऱ्यां’स ‘दहारा’ म्हणून घ्यावे लागेल! जन्मापासून ती भाषा बोलणाऱ्यांच्या कानांस हे आकडे ऐकू येत नाहीत, कारण त्यांना शब्दाचा अर्थ आधी दिसतो. पाहुण्याच्या कानास शब्दाचा नाद आधी ऐकू येतो. भाषा उशिरा शिकणाऱ्यास ती जशी ऐकू येते तशी ती बोर्गे यांनी तिच्याच मालकांस ऐकविली, आणि मालक खूष झाले.

पियानोवरील त्यांच्या लीलांस तर गणती नव्हती. स्वरलिपीचा कागद उलटा ठेवून ते वाजवू लागत, मग चूक ध्यानात आल्यासारखे दाखवून तो सुलटा करीत. बैठकीवरून घसरून पडत आणि मग विमानातल्यासारखा पट्टा कमरेस बांधून पुन्हा बसत. मोठमोठ्या संगीतरचना ते गंभीरपणे सुरू करीत आणि बघता बघता भलत्याच सुरावटीत शिरत. २ ऑक्टोबर १९५३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील गोल्डन थिएटरात त्यांचा ‘कॉमेडी इन म्यूझिक’ हा एकपात्री प्रयोग सुरू झाला. तो २१ जानेवारी १९५६ पर्यंत चालला आणि त्याचे ८४९ प्रयोग झाले. एकपात्री प्रयोगाचा हा विक्रम गिनेसच्या ग्रंथात नोंदला गेला. पुढे १९६४ साली त्याचाच दुसरा अवतार त्यांनी लिओनिड हॅम्ब्रो या पियानोवादकासह ब्रॉडवेवर सादर केला.

त्यांच्या आवाजाने एकदा मायदेशाची वाट वेगळ्याच रीतीने धरली. हान्स ख्रिश्चन अँडरसन हा डेन्मार्कचा थोर कथाकार. त्याच्या परीकथांवर आधारलेला ‘द डेड्रीमर’ हा बाहुल्यांचा व माणसांचा मिश्र चित्रपट १९६६ साली निघाला. राजाची नवी वस्त्रे विणण्याचे सोंग करणाऱ्या भोंदू जोडीपैकी एकास बोर्गे यांनी आवाज दिला. डेन्मार्कची गोष्ट, अमेरिकन चित्रपट, आणि इंग्रजी बोलणारा डॅनिश गळा असा तो योग होता.

यश व संपत्ती मिळाल्यावर मागचे विसरणारे पुष्कळ असतात. बोर्गे यांस मागचे आठवत राहिले. ऑक्टोबर १९४३ मध्ये डेन्मार्कच्या सामान्य नागरिकांनी ७,००० हून अधिक यहुदी देशबांधवांस कोळ्यांच्या होड्यांतून समुद्रपार करून स्वीडनमध्ये सुखरूप पोहोचविले होते. त्या उपकाराची फेड म्हणून बोर्गे यांनी रिचर्ड नेटर या विधिज्ञांच्या साह्याने १९६३ साली ‘थँक्स टू स्कँडिनेव्हिया’ हा निधी उभारला. त्यातून स्कँडिनेव्हियातील विद्यार्थ्यांस अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. ऋण मान्य करणे सर्वांसच साधते; ते पुढच्या पिढीच्या हाती विद्येच्या रूपाने परत करणे थोड्यांस साधते. परमुलखात संस्था चालविणाऱ्या आम्हां सर्वांस यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आणखी एका गोष्टीचा निर्देश केला पाहिजे. अमेरिकेत साठ वर्षे घालवूनही बोर्गे यांच्या उच्चारातील डॅनिश वळण गेले नाही, आणि त्यांनी ते घालविण्याचा अट्टहासही केला नाही. आपली मुले शाळेतून येतात ती तेथल्या भाषेचा हेल घेऊन. आपण बाजारात बोलतो तो मराठी हेल घेऊन. या दोन्हींची लाज वाटण्याचे दिवस कुटुंबाकुटुंबांतून येतात व जातात. अशा वेळी या माणसाचे स्मरण करावे असे आम्हांस वाटते. परक्या भाषेत तो पाहुण्याच्या अदबीने शिरला, मुलाच्या कुतूहलाने खेळला, आणि स्वतःचा आवाज मात्र बदलला नाही.

१९९९ साली अमेरिकेने केनेडी सेंटरचा बहुमान देऊन त्यांचा गौरव केला. त्यांची दुसरी पत्नी सॅना सप्टेंबर २००० मध्ये निवर्तल्या आणि त्याच वर्षी २३ डिसेंबर रोजी कनेटिकट राज्यातील ग्रीनविच येथे झोपेतच बोर्गे यांचे निधन झाले. वय ९१ होते. त्यांच्या इच्छेनुसार अस्थींचे दोन भाग करण्यात आले : एक कोपनहेगनच्या यहुदी दफनभूमीत विसावला, दुसरा ग्रीनविचमध्ये. ग्रीनविचच्या समाधीपाशी एका मोठ्या शिळेवर कोपनहेगनच्या त्या प्रसिद्ध जलपरीची प्रतिकृती बसविली आहे. अँडरसनच्या कथेतील जलपरीने परक्या जगात पाऊल ठेवण्यासाठी आपला आवाज मोल म्हणून दिला होता. ती जिच्या समाधीवर राखण करीत बसली आहे त्या माणसाला ते मोल द्यावे लागले नाही.