फिलिप हेन्री गॉस

फिलिप हेन्री गॉस (६ एप्रिल १८१० – २३ ऑगस्ट १८८८) हे इंग्रज निसर्गवैज्ञानिक, लेखक व चित्रकार होते. सागरी जीव घरात काचपात्रात पाळण्याचा छंद इंग्लंडमध्ये रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. अशा पात्रासाठी ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला तो मुख्यतः त्यांच्या १८५४ मधील ग्रंथामुळे. गोड्या पाण्यात मोजके क्षार विरघळवून समुद्राचे पाणी तयार करण्याची कृतीही त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केली.

बालपण आणि प्रवास

गॉस यांचा जन्म इंग्लंडमधील वूस्टर येथे झाला. वडील थॉमस गॉस हे गावोगाव हिंडून लघुव्यक्तिचित्रे रंगवीत. सूक्ष्म आणि काटेकोर चित्रणाचे वळण फिलिप यांना त्यांच्याकडूनच मिळाले. कुटुंब पुढे डॉर्सेट परगण्यातील पूल या बंदरात राहू लागले. तेथे आत्या सुसान बेल यांच्यामुळे त्यांना समुद्रकिनाऱ्यावरील जीवांची गोडी लागली. समुद्रपुष्पे खाऱ्या पाण्याच्या भांड्यात जिवंत ठेवता येतात, हे त्यांना लहानपणीच कळले होते.

वयाच्या सतराव्या वर्षी, १८२७ मध्ये, ते न्यूफाउंडलंडमधील कार्बोनिअर येथे एका व्यापारी पेढीवर कारकून म्हणून गेले. फावल्या वेळात त्यांनी तेथील कीटकांचा अभ्यास केला. १८३५ मध्ये कॅनडातील कॉम्प्टन येथे त्यांनी शेती केली, पण ती तोट्यात गेली. १८३८ मध्ये अमेरिकेतील अलाबामा येथे काही महिने शिक्षकी करून ते १८३९ मध्ये मायदेशी परतले. १८४४ ते १८४६ या काळात जमैकात राहून त्यांनी केलेल्या निरीक्षणांवर ‘द बर्ड्स ऑफ जमैका’ (१८४७) हा ग्रंथ आधारलेला आहे. या कामात त्यांना जमैकातील रिचर्ड हिल यांचे साहाय्य झाले.

१८४८ मध्ये त्यांचा विवाह एमिली बोज यांच्याशी झाला. १८४९ मध्ये पुत्र एडमंड यांचा जन्म झाला. एडमंड गॉस पुढे नामवंत साहित्यिक व समीक्षक झाले.

सागरी मत्स्यालय

प्रकृती बिघडल्यामुळे गॉस १८५२ मध्ये डेव्हन परगण्याच्या किनारी राहावयास गेले. ओहोटीच्या वेळी खडकांत साचणाऱ्या डबक्यांतील जीव ते घरी आणून काचपात्रात ठेवीत आणि त्यांची चित्रे काढीत. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञांनी याच सुमारास पाणवनस्पती व प्राणी एकाच पात्रात ठेवून पाणी दीर्घकाळ चांगले राखता येते, हे दाखवून दिले होते. वनस्पती प्रकाशात ऑक्सिजन सोडतात व तो प्राण्यांच्या उपयोगी पडतो, हे त्यामागील तत्त्व होय. हेच तत्त्व गॉस यांनी सागरी जीवांसाठी वापरले. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात मे १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यालय उघडले, तेव्हा त्यासाठी त्यांनी सागरी जीव पुरवले. पुढच्या वर्षी ‘द ॲक्वेरियम’ हा त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला.

कृत्रिम समुद्रजल

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांपुढे मुख्य अडचण पाण्याची होती. थेम्स नदीच्या मुखापलीकडे जाणाऱ्या आगबोटींवरील लोकांना थोडे पैसे देऊन स्वच्छ समुद्राचे पाणी पिंपात मागवावे लागे. पिंपाच्या लाकडाचा अंश पाण्यात उतरला, तर जीव दगावत. वाहतुकीचा खर्च आणि विलंब वेगळाच. त्यामुळे हा छंद किनाऱ्यालगतच्या किंवा सधन लोकांपुरता राहण्याची शक्यता होती.

गॉस यांनी यावर प्रयोगाने उपाय शोधला. श्वाइट्झर यांनी केलेले ब्रायटनजवळील समुद्राच्या पाण्याचे रासायनिक विश्लेषण त्यांनी आधारासाठी घेतले. त्यावरून ठरवलेले प्रमाण पुढीलप्रमाणे होते : साधे मीठ साडेतीन औंस (सुमारे ९९ ग्रॅम), एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट पाव औंस (७ ग्रॅम), मॅग्नेशियम क्लोराइड २०० ग्रेन (१३ ग्रॅम) आणि पोटॅशियम क्लोराइड ४० ग्रेन (२.६ ग्रॅम). हे क्षार चार क्वार्टांहून किंचित कमी गोड्या पाण्यात विरघळवावयाचे होते.

विश्लेषणात आढळलेले सर्वच घटक त्यांनी घेतले नाहीत. ब्रोमाइडचे प्रमाण अत्यल्प असल्याने ते वगळले. कॅल्शियम सल्फेट पाण्यात फार कमी विरघळते, म्हणून तेही गाळले. कॅल्शियम कार्बोनेट पात्राच्या तळाशी टाकलेल्या शिंपल्यांच्या व पोवळ्यांच्या तुकड्यांतून मिळेल, असे त्यांनी मानले.

या कृतीत क्षारांच्या मोजमापाइतकेच महत्त्व धीराला होते. पाणी तयार होताच त्यांनी त्यात प्राणी सोडले नाहीत. आधी हिरवी समुद्रशैवले लावली. शैवलांवर ऑक्सिजनचे बुडबुडे दिसू लागले व पाणी मुरले, तेव्हा सुमारे आठवड्याने समुद्रपुष्पे व इतर जीव त्यात ठेवले. ते जगले. ही माहिती १८५४ मध्ये एका वैज्ञानिक नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि १८५५ च्या त्यांच्या मत्स्यालयविषयक मार्गदर्शिकेमुळे सामान्य वाचकांपर्यंत पोहोचली.

बाष्पीभवनाने पातळी घटल्यास पात्रात गोडेच पाणी घालावे, असे ते सांगत. वाफ होताना केवळ पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. अशा वेळी खारे पाणी घातल्यास क्षारता वाढत जाते. हा नियम आजही तसाच लागू आहे. ठरावीक काळाने पात्रातील काही पाणी काढून टाकले जाते, तेव्हा मात्र त्याच्या जागी तितक्याच क्षारतेचे खारे पाणी द्यावे लागते. त्यासाठी आता तयार क्षारमिश्रणे मिळतात. क्लोरीन काढलेल्या शुद्ध पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार येतील इतके मिश्रण घालून ते पंपाने ढवळतात. विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५ असल्याची आणि तापमान पात्रातील पाण्याएवढे असल्याची खात्री केल्यावरच ते वापरतात. गॉस यांनी गाळलेले कॅल्शियम या मिश्रणांत आवर्जून असते, कारण पोवळ्यांच्या सांगाड्याच्या वाढीसाठी ते आवश्यक असते.

छंदाचे दुष्परिणाम

गॉस यांच्या ग्रंथांनी समुद्रकिनाऱ्याकडे लोकांचा ओघ वळवला. पाणी घरी तयार करता येत असले, तरी जीव किनाऱ्यावरूनच आणावे लागत. हौशी संग्राहकांनी खडकांतील डबकी अक्षरशः ओरबाडली. स्वतःच्या लेखनामुळे हे घडले याचे गॉस यांना दुःख झाल्याचे एडमंड यांनी ‘फादर अँड सन’ (१९०७) या आत्मकथनात नमूद केले आहे. आपण लहानपणी पाहिलेली समृद्ध डबकी नंतर कोणालाही पाहावयास मिळाली नाहीत, अशी खंतही त्यांनी व्यक्त केली आहे.

उत्तरायुष्य

१८५६ मध्ये गॉस रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिली यांचे कर्करोगाने निधन झाले. त्याच वर्षी गॉस यांचा ‘ओम्फालोस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ते प्लिमथ ब्रदरन या ख्रिस्ती पंथाचे निष्ठावान अनुयायी होते. पृथ्वी भूतकाळाच्या खुणांसह निर्माण झाली, असे मांडून त्यांनी भूविज्ञान आणि बायबल यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. तो वैज्ञानिकांना पटला नाही आणि धर्मनिष्ठांनाही रुचला नाही. ब्रिटिश समुद्रपुष्पांवरील त्यांचा ‘ॲक्टिनोलॉजिया ब्रिटानिका’ (१८५८–६०) हा ग्रंथ मात्र दीर्घकाळ प्रमाणभूत मानला गेला.

१८६० मध्ये त्यांनी एलायझा ब्राइटवेन यांच्याशी विवाह केला. उतारवयात ते ऑर्किड व रोटिफर या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासात रमले. सी. टी. हडसन यांच्यासह लिहिलेला रोटिफरांवरील ग्रंथ १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. डेव्हनमधील टॉर्कीजवळच्या सेंट मेरीचर्च येथे, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.