बिल्ला नको, बॉनेट उघडा!

किन्हीराजाच्या स्टॉपवर एसटीची वाट बघत उभे राहिलात, की एक खेळ आपोआप सुरू होतो. समोरून येणारी कार बेस मॉडेल की टॉप मॉडेल, हे ती जवळ यायच्या आत ओळखायचं! अलॉय व्हील दिसली, म्हणजे टॉप. दरवाजाची हँडल काळी, म्हणजे बेस. पण खरं सांगा, बेस मॉडेल घेऊन बाजारातून अलॉय व्हील लावून आणलेली गाडी तुम्हाला ओळखता येते का?

अमेरिकेतल्या जुन्या ‘मसल कार’च्या शौकिनांपुढं हाच प्रश्न असतो, आणि तिथं चूक झाली की मोठ्ठा फटका बसतो. साठच्या दशकात तिथल्या कंपन्या मधल्या आकाराच्या साध्या गाडीत दांडगं इंजिन बसवून विकायला लागल्या. १९६८ ची प्लायमाउथच घ्या. बेल्व्हेडिअर, सॅटेलाइट, रोड रनर आणि जीटीएक्स, ही चार नावं. सांगाडा मात्र मुळात एकच! बेल्व्हेडिअर साधी, सॅटेलाइट नटवलेली. रोड रनर आतून साधी, पण इंजिन ३८३ घनइंचांचं. जीटीएक्समध्ये थाटही आणि ४४० घनइंचांचं इंजिनही. आता पट्ट्या आणि बिल्ले काय, विकत मिळतात. म्हणून जाणकार माणूस आधी पुढच्या काचेतून दिसणारा गाडीचा नंबर वाचतो. त्यातलं दुसरं अक्षर ‘एल’ असेल तर बेल्व्हेडिअर, ‘एच’ असेल तर सॅटेलाइट, ‘एम’ असेल तर रोड रनर आणि ‘एस’ असेल तर जीटीएक्स. अक्षर जुळलं नाही, तर वरचा थाट कितीही असो, गाडी नकली.

तुम्ही म्हणाल, या प्लायमाउथचा आपल्याशी काय संबंध? आहे ना! रोड रनर यायच्या वीस वर्षं आधीच मुंबईत, कुर्ल्याला प्लायमाउथ तयार होत होती. तो कारखाना उभा केला सोलापूरच्या एका माणसानं. त्यांचं नाव वालचंद हिराचंद.

वालचंद यांचा जन्म १८८२ चा. घरी कापसाचा आणि सावकारीचा धंदा. कॉलेज अर्धवट सोडून ते धंद्यात आले, पण घरच्या पेढीत त्यांचं मन रमलं नाही. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक त्यांना भेटले आणि दोघांनी भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला. पुढं बोरघाटातल्या बोगद्यांपर्यंत त्यांची मजल गेली. १९१९ मध्ये तर त्यांनी सहकाऱ्यांबरोबर चक्क एक जहाज घेतलं! सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ ५ एप्रिलला मुंबईहून लंडनला निघालं. समुद्रावर तेव्हा इंग्रज कंपन्यांचं राज्य होतं. आजही ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिवस आहे, तो यामुळेच.

मोटारीचं वेड मात्र त्यांना सगळ्यात महाग पडलं. भारतात मोटारी बनाव्यात, ही योजना सर विश्वेश्वरय्या यांनी तीसच्या दशकात मांडली होती. वालचंद तिच्यामागं लागले. तेव्हा देशात अमेरिकन कंपन्या गाड्या जोडत होत्या, पण सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि इथं फक्त नटबोल्ट आवळले जायचे. वालचंद यांना हवा होता गाडी बनवणारा कारखाना. ते अमेरिकेत गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायसलरशी १९४० मध्ये करार झाला. पण महायुद्ध सुरू होतं आणि इंग्रज सरकारनं हात आखडता घेतला. त्याच वर्षी बंगळूरला त्यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू केली, पुढच्या वर्षी विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घातला. म्हणजे बघा, विमान झालं, जहाज झालं, अन् मोटार अडून बसली!

अखेर १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो. नावं तीन, पण गाडी जवळजवळ एकच. पुढची जाळी वेगळी, बॉनेटवरचा बिल्ला वेगळा, पट्ट्या वेगळ्या. ट्रकचंही तेच. डॉज आणि फार्गो म्हणजे सख्खी भावंडं. घरातल्या आजोबांना फार्गो ट्रक आठवतो का, विचारून बघा.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या पहिल्या गाड्यांचे बरेचसे भाग अमेरिकेहूनच आले होते. ज्या नटबोल्ट आवळण्यावर वालचंद यांचं समाधान नव्हतं, सुरुवात त्यांनाही तिथूनच करावी लागली. फरक एवढाच, की त्यांना तिथं थांबायचं नव्हतं. एकेक भाग इथं बनवत जायचा, असा बेत होता. पण तब्येतीनं साथ सोडली. आजारपणामुळं १९५० मध्ये ते कामातून बाजूला झाले आणि ८ एप्रिल १९५३ ला त्यांचं निधन झालं. त्यानंतर लवकरच सरकारनं धोरण ठरवलं, की ज्यांना इथं गाडी बनवायची नाही, फक्त जोडायची आहे, त्यांनी गाशा गुंडाळावा. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेल्या. प्रीमिअर राहिली. तिनं फियाटशी हात मिळवला, आणि तीच फियाट पुढं पद्मिनी होऊन मुंबईची काळीपिवळी टॅक्सी बनली. ते बघायला वालचंद मात्र नव्हते.

आणि एक गंमत. किन्हीराजा मालेगाव तालुक्यात, आणि वालचंद यांचं रावळगावही मालेगाव तालुक्यात! ते मालेगाव नाशिकचं, आपलं वाशीमचं. तिथं माळरानावर ऊस पिकवून त्यांनी साखर कारखाना काढला. रावळगावची गोळी तुम्ही खाल्लीच असेल. बाहेरगावी कुणी गाव विचारलं, की आपल्यालाही ‘कुठलं मालेगाव?’ हे सांगावंच लागतं. नाव सारखं असलं, की एक प्रश्न जास्त विचारायचा असतो.

तेव्हा पुढच्या वेळी हायवेवर हा खेळ खेळाल, तेव्हा टॉप की बेस एवढ्यावर थांबू नका. या गाडीचं इंजिन कुठं बनलं, गिअरबॉक्स कुणी बनवला, हेही शोधा. गावच्या मेकॅनिककडं एक दुपार घालवली, तरी बरंच कळेल. वालचंद यांची सगळी धडपड त्या बॉनेटखालच्या गोष्टीसाठी होती.