आर्तुसी आणि त्यांची मारिएत्ता

भगिनींनो, स्मरणिकेत चरित्र द्यायचे म्हणजे संताचे नाहीतर राणीचे, अशी आपली रीत. मी मात्र इटली देशातील एका गृहस्थाचे लिहीत आहे. हल्ली आपल्या मुलाबाळांना पास्ता आणि त्यावरचा खिम्याचा दाट सॉस माहीत झाला आहे. तिकडच्या घरोघरची अशी रांधणी ज्यांनी पुस्तकात नीट मांडून ठेवली, ते हे पेल्लेग्रिनो आर्तुसी.

त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १८२० रोजी फोर्लिंपोपोली या लहान गावी झाला. आपली लोधिवली जशी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, तसे ते गावही एका फार जुन्या हमरस्त्यावर वसलेले आहे. वडील सधन व्यापारी, घरात काही कमी नव्हते. पण २५ जानेवारी १८५१ च्या रात्री घात झाला. गावच्या नाट्यगृहात खेळ चालू असताना पेलोनी नावाच्या दरोडेखोराची टोळी आत शिरली. तिने प्रतिष्ठित मंडळींना तेथेच अडकवून ठेवले आणि एकेकाचे घर लुटले. आर्तुसींचे घरही त्यातून सुटले नाही. त्यांची बहीण गेर्त्रूदे भेदरून छपरावर पळाली. जीव वाचला, पण तिचे मन कायमचे बिघडले व ती बिचारी वेड्यांच्या इस्पितळातच वारली. पैसा पुन्हा मिळवता येतो हो, पण हे कसे भरून यावे?

पुढच्याच वर्षी कुटुंब फ्लॉरेन्स शहरी गेले. तेथे रेशमाच्या व्यापारात आर्तुसींचा चांगला जम बसला. लग्न त्यांनी केले नाही. व्यापारातून मोकळे झाल्यावर त्यांनी कवी फोस्कोलो यांचे चरित्र लिहिले, पण ते फारसे कोणी वाचले नाही.

मग त्यांनी स्वयंपाकावर पुस्तक लिहिले. प्रकाशक मिळेना, तेव्हा १८९१ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, पदरच्या खर्चाने हजार प्रती छापल्या. गावच्या धर्मादाय जत्रेत बक्षीस म्हणून दोन प्रती पाठवल्या. ज्यांना त्या मिळाल्या त्यांनी त्या तंबाखूच्या दुकानात विकायला नेल्या! पण हळूहळू बायकांच्या हाती पुस्तक पडले. त्या पत्रे लिहू लागल्या, आपल्या घरच्या कृती कळवू लागल्या. पहिल्या आवृत्तीत ४७५ कृती होत्या, त्या वाढत वाढत ७९० झाल्या.

आता त्या सॉसविषयी. त्यांच्या कृतीत दीडशे ग्रॅम मांस, पन्नास ग्रॅम मिठात मुरवलेली चरबी, चाळीस ग्रॅम लोणी, पाव कांदा, अर्धे गाजर, सेलरीचे दोन दांडे, चिमूटभर पीठ आणि मांसाचे पाणी, एवढेच आहे. सारे बारीक चिरायचे, मांस तांबूस होईपर्यंत परतायचे, पीठ लावायचे आणि थोडे थोडे पाणी घालीत शिजवत राहायचे. टोमॅटो त्यात नाहीच. बोलोन्या शहराच्या व्यापारी मंडळाकडे १९८२ साली जी कृती नोंदवली गेली, तीत मात्र टोमॅटो, दूध आणि वाइन आहे. तिकडे वासराचे मांस घेतात. मी चौकहून आणलेला मटणाचा खिमा घेते, चरबी वगळून लोणी वाढवते, आणि दीड-दोन तास मंद आचेवर ठेवते. घाई केली की चव उतरत नाही, हे आपल्या रश्श्याचेही तसेच.

पण आर्तुसींबद्दल मला आदर वाटतो तो दुसऱ्याच कारणासाठी. त्यांच्या घरी कृती करून पाहण्याचे काम मारिएत्ता साबातीनी ही बाई आणि फ्रांचेस्को रुफिल्ली हा आचारी करीत. चूल त्यांची, नाव मालकाचे. आपल्याकडे काय वेगळे आहे? अमकीच्या हातची चव म्हणून सारे बोटे चाटतात, पण तिचे नाव कोठे लिहिले जात नाही. आर्तुसींनी मात्र एका गोड पावाच्या कृतीला मारिएत्ताचेच नाव दिले. ३० मार्च १९११ रोजी ते वारले तेव्हा मृत्युपत्रात पुस्तकाचे हक्क त्यांनी या दोघांना ठेवले होते. नुसते कौतुक करून ते थांबले नाहीत, विक्रीचा पैसा ज्यांनी हात भाजून घेतले त्यांच्या पदरात पडावा अशी सोय त्यांनी केली.

फोर्लिंपोपोलीत २००७ साली त्यांच्या नावाचे पाकगृह उघडले. घरी स्वयंपाक करणाऱ्यांसाठी मारिएत्ताच्या नावाचे बक्षीसही तेथे असते. गावच्या स्त्रियांनी आपली संस्था काढली आहे. त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाताने पीठ लाटायला शिकवतात, आणि स्वतःला मारिएत्ता म्हणवून घेतात.