शेठ वालचंद हिराचंद : बांधकामाकडून भूमीकडे

आपल्या दिगंबर जैन समाजाचे भूषण शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. वडिलोपार्जित पेढीत मन न रमल्याने त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेतली. पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी बिकट कामेही त्यांनी तडीस नेली.

परंतु दुसऱ्यांच्या भूमीवर बांधून देण्यातच त्यांनी समाधान मानले नाही. १९२३ साली मालेगावनजीक (हे मालेगाव नाशिक जिल्ह्यातील, आपल्या वाशीम जिल्ह्यातील नव्हे) रावळगाव येथे त्यांनी खडकाळ माळरान घेतले. भाव चढण्याची वाट पाहत ते पडीक ठेवले नाही. लागवडीस आणून तेथे ऊस पिकविला व १९३३ साली साखर कारखाना उभारला. पुढे इंदापूर तालुक्यात कळंब येथे कारखान्याभोवती वसलेले वालचंदनगर आजही त्यांचे नाव सांगते. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून आपल्या जिल्ह्यातही जमिनीत पैसा गुंतविण्याची ओढ वाढली आहे. समाजबांधवांस आमची नम्र विनंती एवढीच, की घेतलेली जमीन नुसती राखू नये; चार घरांच्या चुली पेटतील असे काही तिच्यावर उभारावे. शेठजींच्या स्मृतीस तेच खरे अभिवादन होय.