मोलोकाईचा पाहुणा

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन म्हटलं की ‘ट्रेझर आयलंड’ आठवतं. मला मात्र त्यांनी पाहिलेलं एक खरं बेट जास्त महत्त्वाचं वाटतं.

जन्म १८५० चा, एडिनबरोतला. छाती लहानपणापासून कमजोर, म्हणून मानवेल अशी हवा शोधत फिरणं आलंच. मे १८८९ मध्ये ते हवाईतल्या मोलोकाई या ज्वालामुखीच्या बेटावर गेले. तिथलं कलाउपापा म्हणजे तीन बाजूंना समुद्र, मागे उभा कडा. कुष्ठरोग्यांना तिथे आणून सोडत. त्यांच्यात सोळा वर्षं राहिलेले बेल्जियन फादर डेमियन महिन्याभरापूर्वीच त्याच रोगाने वारले होते. स्टीव्हन्सन आठवडाभर राहिले, आजारी मुलींबरोबर क्रोकेट खेळले आणि फादरांविषयी लोकांना विचारत राहिले. कानावर आलं ते सगळंच गोड नव्हतं.

पुढे होनोलुलूच्या डॉ. हाइड या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाचं पत्र छापून आलं: डेमियन गलिच्छ, वर चारित्र्यहीन. स्टीव्हन्सनही प्रोटेस्टंट घरातलेच. तरी १८९० मध्ये सिडनीत त्यांनी हाइडना जाहीर उत्तर लिहिलं. अब्रुनुकसानीचा दावा झाला तर आपण धुऊन निघू, हे घरच्यांना आधी सांगून! त्यात फादरांचा हट्टीपणा, अव्यवस्थितपणा लपवलेला नाही. आम्हा कॅथलिकांच्या संतचरित्रांत असं क्वचितच सापडतं, आणि म्हणूनच मला ते पत्र पटतं. हाइडवर मात्र आपण फारच तुटून पडलो, असं त्यांना नंतर वाटलं.

१८९४ मध्ये सामोआत, अशाच ज्वालामुखीच्या बेटावर, ४४ व्या वर्षी ते गेले. शव डोंगरमाथ्यावर न्यायला सामोअन लोकांनी झाडी तोडून वाट केली.