यशवंतराव होळकर : एक चोखंदळ छंद

इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा जन्म १९०८ सालचा. वडील तुकोजीरावांनी १९२६ मध्ये गादी सोडल्याने कोवळ्या वयातच राज्य त्यांच्याकडे आले. जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याकडून माणिकबाग उभारून घेणारी त्यांची चोखंदळ दृष्टी मोटारींच्या छंदातही दिसे. अमेरिकन ड्यूसेनबर्गच्या सांगाड्यावर त्यांनी लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून दोन आसनांची बांधणी करवून घेतली. १९३७ मध्ये पत्नी संयोगिताराजे निवर्तल्या, १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९६१ मध्ये महाराजांनीही देह ठेवला. ती मोटार पुढे अमेरिकेत मोठ्या निगुतीने जतन झाली. इंदूरकरांना मात्र आपल्या राजाची ही रसिकता छायाचित्रांतूनच पाहावी लागते.