नौकावीर गेर्ट फ्रेड्रिक्सन

उत्तर ध्रुवाकडील हिममय प्रदेशांतील लोक सागरी प्राण्यांच्या शिकारीसाठीं एक अरुंद व हलकी होडी वापरीत. तिला कायक म्हणतात. नावाडी पुढें तोंड करून बसतो आणि दोन्ही टोकांस पातें असलेल्या एकाच वल्ह्यानें डावीउजवीकडे आळीपाळीनें पाणी मागें सारतो. अशा होडीच्या शर्यतींत ज्यानें अक्षय कीर्ति मिळविली, त्या स्वीडनच्या गेर्ट फ्रेड्रिक्सनचें हें अल्प चरित्र.

त्याचा जन्म २१ नोव्हेंबर १९१९ रोजीं न्यूशोपिंग या गांवीं झाला. सतराव्या वर्षाच्या सुमारास त्यानें वल्हें हातीं धरलें. चरितार्थासाठीं तो आगीच्या बंबखान्यांत नोकरी करी. उरलेला वेळ पाण्यावर जाई. परंतु महायुद्धामुळें १९४० व १९४४ चे ऑलिंपिक सामने भरलेच नाहींत. ऐन उमेदीचीं वर्षें अशीं निघून गेलीं. तथापि त्यानें सराव सोडला नाहीं.

अखेर १९४८ सालीं लंडनच्या सामन्यांत, हेन्ली येथें थेम्स नदीवर, त्याला संधि मिळाली. दहा हजार मीटरांची शर्यत त्यानें तीस सेकंदांहून अधिक अंतरानें जिंकली व दुसऱ्याच दिवशीं एक हजार मीटरांचीही जिंकली. १९५२ सालीं हेलसिंकी येथें एक हजार मीटरांत तो पुन्हां पहिला आला. परंतु लांबच्या शर्यतींत फिनलंडच्या स्ट्रोमबर्गनें त्याला मागें टाकलें. दुसरा एखादा या वयांत निवृत्त झाला असता. फ्रेड्रिक्सननें मात्र आणखी चार वर्षें श्रम केले आणि १९५६ सालीं, ३७ व्या वर्षीं, ऑस्ट्रेलियांतील बॅलरॅट येथें दोन्ही शर्यती जिंकून त्या पराभवाची भरपाई केली.

१९६० सालीं रोमजवळील आल्बानो सरोवरावर तो उतरला, तेव्हां त्याचें वय चाळीस होतें. एकट्याच्या शर्यतींत तो तिसरा आला. पण तरुण सहकारी स्योडेलियस याच्यासह दोघांच्या होडींत त्यानें सहावें सुवर्णपदक मिळविलें. पुढें त्यानें आपल्या देशाच्या कायकपटूंस शिकविलें. ५ जुलै २००६ रोजीं आपल्या जन्मगांवींच त्याचें निधन झालें.

विद्यार्थिमित्रहो, परिस्थितीनें हिरावलेलीं वर्षें परत मिळत नाहींत आणि पराजय कोणास चुकत नाहीं. परंतु एकदां हार झाल्यावर पुन्हां त्याच शर्यतीस उभें राहणें आपल्या हातीं असतें. परीक्षेंत किंवा क्रीडांगणावर अपयश आल्यास या बंबवाल्याची आठवण ठेवावी.